अपघाती इजेच्या दाव्यातील अशील

दुसऱ्याच्या हयगयीमुळे शरीरास इजा पोचली असता, नुकसानभरपाईसाठी वकिलामार्फत दाद मागणारी व्यक्ती. अशा दाव्याचा हेतू अपराध्यास शिक्षा करणे हा नसून, पैशाने शक्य तेवढ्यापुरते इजाग्रस्तास पूर्वस्थितीत आणणे हा होय. कायद्याचे ज्ञान वकिलाजवळ असते. परंतु वेदना, उपचार व बुडालेली मिळकत यांची प्रत्यक्ष माहिती अशिलालाच असते. त्यामुळे दाव्याचे यश पुष्कळ अंशी त्याच्या दक्षतेवर अवलंबून राहते.

भारतात मोटार अपघातांतून उद्भवणारे दावे मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये स्थापन झालेल्या न्यायाधिकरणांपुढे चालतात. अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो किंवा प्रतिपक्ष जेथे राहतो, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणी अर्ज करता येतो. अज्ञान व्यक्तीच्या वतीने पालक, तर मृताच्या बाबतीत त्याचे वैध प्रतिनिधी अर्ज करतात. १९९४ मध्ये मुदतीचे बंधन काढून टाकण्यात आले होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते पुन्हा घातले व १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत अंमलात आली. या तरतुदीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. तथापि विलंबाने पुरावा दुबळा होतो, म्हणून वकिलाची गाठ लवकर घेणे अशिलाच्या हिताचे असते.

प्रथम खबर, पंचनामा, रुग्णालयाची कागदपत्रे, औषधांच्या पावत्या, वेतनाचा दाखला, आयकर विवरणपत्रे इ. पुरावे जमविणे व जपून ठेवणे हे अशिलाचे पहिले कर्तव्य होय. फौजदारी खटल्याप्रमाणे येथे निःसंशय सिद्धता लागत नाही. अधिक संभाव्य काय, एवढेच पाहिले जाते. मात्र कायम अपंगत्वाचा दाखला मिळाला म्हणजे भरपाई आपोआप ठरत नाही. वैद्यकीय अपंगत्वाची टक्केवारी आणि अर्जनक्षमतेतील घट या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. उदा., डावा हात गमावल्यास सुताराची अथवा वाहनचालकाची कमाई जवळजवळ पूर्णतः बुडू शकते, तर लिपिकाची नोकरी टिकू शकते. म्हणून आपल्या कामाचे स्वरूप अशिलाने तपशीलवार सांगणे आवश्यक असते.

प्रतिकूल गोष्टीही वकिलापासून लपवू नयेत. पूर्वीचा आजार, आधीची इजा किंवा अपघातातील स्वतःची हयगय उलटतपासणीत उघड झाली, तर संपूर्ण साक्षीवरील विश्वास डळमळतो. स्वतःची हयगयही कारणीभूत ठरल्यास तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते. अशिलाने वकिलास विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना कायद्याचे संरक्षण असते. मात्र बेकायदेशीर हेतूने केलेल्या संभाषणास ते मिळत नाही. वाजवी उपचार नाकारून इजा वाढू दिल्यास त्या वाढीव हानीची भरपाई नाकारली जाण्याचा संभव असतो.

वकीलपत्रावर सही केल्याने अशिलाचा दाव्यावरील अधिकार संपत नाही. हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटी प्रकरणात (२०१५) वकिलाने अशिलाच्या सूचनांनुसार वागले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिपादिले. अमेरिकेत मिळालेल्या रकमेचा ठराविक हिस्सा वकिलास देण्याची पद्धत अशा दाव्यांत रूढ आहे. भारतात बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी ती निषिद्ध आहे. तेव्हा शुल्काचा करार प्रारंभीच स्पष्ट करून घेणे इष्ट. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, बालके व दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाचा विचार न करता मोफत विधिसाहाय्य मिळू शकते.

तडजोड स्वीकारावी की नाही, हा निर्णय अखेर अशिलाचाच असतो. लोकअदालतीतील निवाडा अंतिम असून त्यावर अपील चालत नाही. पुढील शस्त्रक्रिया वा कायमचे परावलंबन यांचा खर्च लक्षात न घेता तडजोडीवर सही केल्यास तो भार पुढे इजाग्रस्तास व त्याच्या कुटुंबासच सोसावा लागतो.