सकाळचा रिपोर्ट, संध्याकाळची साखर

इंदूरच्या रेल्वे स्टेशनाजवळ सियागंजची ठोक किराणा पेठ आहे. साखर, साबुदाणा, खोबऱ्याचे गोटे, हळद, सुकामेवा असा सगळा माल इथं पोत्यांनी हलतो. हातगाड्या आणि हमाल यांच्यामधून वाट काढणं हे इथल्या गिऱ्हाइकाचं पहिलं काम. इथले साखरेचे आणि साबुदाण्याचे भाव शहरातली वर्तमानपत्रं छापतात. या पेठेपासून महाराजा यशवंतराव रुग्णालय फारसं दूर नाही. इंदूरकर त्याला नुसतं ‘एम. वाय.’ म्हणतात. त्याला जोडलेल्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाची मुळं १८७८ साली इथं सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जातात. पेठेतली साखर क्विंटलमध्ये बोलते, रुग्णालयातली मिलिग्रॅममध्ये. निरोगी प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चमचाभर, म्हणजे चार-पाच ग्रॅम साखर असते. पोहे-जिलबीची एक बशी पोटात गेली तरी शरीर ती त्याच बेताला राखतं.

ही राखण करणारे तिघं. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, यकृत साखर साठवतं आणि गरजेला बाहेर काढतं, आणि स्नायू ती खर्च करतात. जेवणानंतर इन्सुलिनच्या हुकमानं रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंकडे जातो. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या तिघांपैकी कुणालाही थेट धक्का लावत नाही. तो मेंदूचा, मज्जारज्जूचा आणि डोळ्याच्या नसेचा आजार. तरीही एमएसच्या रुग्णाच्या फायलीत आज ना उद्या साखरेचा कागद लागतो. तो बहुतेक वेळा उशिरा लागतो, आणि अनेकदा चुकीच्या वेळी घेतलेल्या रक्ताचा असतो.

एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर चालून जाते. आवरण गेलं की संदेश मंदावतात किंवा अडतात. पॅरिसमध्ये जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं. तो सहसा विशी ते चाळिशीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. भारतात हा आजार जवळजवळ नसतोच, असं बरीच वर्षं मानलं जाई. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. भीम सेन सिंघल यांनी १९८०च्या दशकात लाखामागे साधारण एक रुग्ण असा अंदाज मांडला. डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात शोध घेतला, तेव्हा तिथं हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त निघालं. त्यांचा निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला. एमआरआयची यंत्रं मोठ्या शहरांबाहेर पोहोचली तसे इतर समाजांतले रुग्णही दिसू लागले. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव स्वतंत्रपणे आहे.

साखरेशी या आजाराची गाठ पडण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. वैद्यकशास्त्राला सर्वांत मोहक वाटणारी वाट आपल्याकडे सर्वांत कमी वहिवाटीची. टाइप वन मधुमेहातही प्रतिकारयंत्रणाच आपल्या माणसांवर उलटते, फक्त तिचं लक्ष्य स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी असतात. इटलीच्या सार्डिनिया बेटावर हे दोन्ही आजार फार. तिथं एमएसच्या रुग्णांमध्ये टाइप वन मधुमेह त्यांच्या निरोगी भावंडांपेक्षा सुमारे तिप्पट आढळला. डेन्मार्कमधल्या नोंदींनीही उलट बाजूनं तीच गोष्ट दाखवली: टाइप वन मधुमेह असलेल्यांना एमएस होण्याचा धोका तिपटीहून जास्त. इंदूर-पुण्याच्या दवाखान्यात मात्र अशी जोडी क्वचित दिसते. इथं साखर बिघडते ती बहुतेक स्टेरॉइडमुळे, बसून राहण्यामुळे आणि घराण्यात आधीपासून असलेल्या टाइप टू मधुमेहामुळे.

स्टेरॉइडची गोष्ट जरा सविस्तर पाहायला हवी.

एमएसचा झटका आला, एक डोळा धूसर झाला किंवा पाय लुळा पडला, की रुग्णाला शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन देतात. दिवसाला एक ग्रॅम, सलग तीन ते पाच दिवस. डोळ्याच्या नसेच्या सुजेवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९२पासून येऊ लागले. या औषधानं दृष्टी लवकर परतते, पण वर्षानंतर पाहिलं तर औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांत फारसा फरक उरत नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे स्टेरॉइड बरं होण्याची गती वाढवतं, आजाराची दिशा बदलत नाही. आजार आटोक्यात ठेवणारी औषधं महाग म्हणून कित्येक घरांत स्टेरॉइडच्या गोळ्याच महिनोन् महिने चालू राहतात. त्यानं एमएस थांबत नाही. हाडं ठिसूळ होतात आणि साखर चढते, एवढं मात्र नक्की होतं.

ती चढते कशी? स्टेरॉइड यकृताला जादा साखर तयार करायला लावतं आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकू देत नाही. झोप उडू नये म्हणून डोस सकाळी देतात. मग साखर दुपारच्या जेवणानंतर चढू लागते, संध्याकाळी कळस गाठते आणि रात्रभरात उतरते. दुसऱ्या दिवशी सात वाजता उपाशीपोटी रक्त घेतलं तर आकडा साधारण ठीकच दिसू शकतो. घरचे हुश्श करतात. प्रत्यक्षात आदल्या संध्याकाळी तीच साखर तीनशेच्या घरात जाऊन आलेली असू शकते. म्हणून स्टेरॉइड चालू असताना बोटाला टोचून साखर पाहायची, ती दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी. ‘फास्टिंग नॉर्मल आहे’ या तीन शब्दांवर आपल्याकडे वाजवीपेक्षा जास्त भरवसा ठेवला जातो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही इथं अपुरी पडते. ती व्यापाऱ्याच्या तिमाही ताळेबंदासारखी, चार दिवसांची उलथापालथ तिच्यात बुडून जाते. तिचा खरा उपयोग आधी: स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी ती केली, तर मधुमेह अगोदरपासून होता की नाही हे कळतं.

सलाइनच्या बाटलीकडेही लक्ष हवं. मिथाइलप्रेडनिसोलोन साध्या सलाइनमधून देता येतं, तसंच पाच टक्के डेक्स्ट्रोजमधूनही. डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सगळ्या रक्तात असते त्याच्या पाच-सहा पट. मधुमेही रुग्णानं ‘साध्या सलाइनमधून देता येईल का?’ एवढं विचारावं. भारतात एमएससाठी बरंच वापरलं जाणारं रिटुक्सिमॅब देण्याआधीही स्टेरॉइडचा एक छोटा डोस टोचतात. दर सहा महिन्यांनी येणारा तो एक दिवस साखरेच्या वहीत वेगळा दिसतो. आणि स्टेरॉइडसाठी वाढवलेलं इन्सुलिन स्टेरॉइड थांबताच कमी करावं लागतं, नाहीतर साखर धाडकन खाली येते. साखरेच्या भीतीनं झटक्याचे उपचारच नाकारणं हे मात्र दुसरं टोक. तीन-पाच दिवसांची वाढ डॉक्टरांना सांभाळता येते.

चढलेली साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले तर काय होऊ शकतं, हे इंदूरनं २०२१च्या उन्हाळ्यात पाहिलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे रुग्ण मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात मोठ्या संख्येनं आले. एम. वाय. रुग्णालयात त्यांच्यासाठी वेगळे वॉर्ड उघडावे लागले. त्यावरचं औषध अँफोटेरिसिन-बी मिळवण्यासाठी नातेवाईक गावभर फिरत होते. त्या रुग्णांपैकी बहुतेकांना मधुमेह होता किंवा स्टेरॉइडनं साखर चढली होती. एमएसच्या तीन दिवसांच्या डोसची त्याच्याशी बरोबरी करू नये. पण एमएसच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती अनेकदा औषधांनी मुद्दाम दाबलेली असते, त्यामुळे त्याच्या साखरेकडे दुर्लक्ष करणं जास्त महाग पडतं.

आता लक्षणांकडे. इथं खरी फसगत आहे. थकवा, वारंवार लघवी, तळपायांना मुंग्या, धूसर दिसणं, पाय लटपटणं ही यादी एमएसची आहे आणि मधुमेहाचीही. पस्तिशीतली एमएसची रुग्ण ‘रात्री चारदा उठावं लागतं’ म्हणते, तेव्हा घरच्यांना, कधी डॉक्टरांनाही, मूत्राशयाच्या नसा आठवतात. ग्लुकोमीटर आठवत नाही. थोडा फरक असतो. एमएसमध्ये घाई फार आणि लघवी थोडी असते, साखरेनं लघवी भरपूर होते आणि तहानही लागते. मुंग्यांचंही तसंच. मधुमेह हातापायांच्या नसा खातो आणि बहुतेक दोन्ही तळव्यांपासून सुरू होऊन हळूहळू वर चढतो, तर एमएसच्या मुंग्या एकाच बाजूला किंवा छाती-पोटाभोवती पट्ट्यासारख्याही येतात. पुस्तकात हा फरक स्वच्छ असतो, माणसात इतका स्वच्छ नसतो. त्यात भर म्हणजे चढलेल्या साखरेनं लघवीत जंतुसंसर्ग झाला, ताप आला, तर एमएसची जुनी लक्षणं उफाळतात आणि नवा झटका आल्यासारखं वाटतं. त्यावर पुन्हा स्टेरॉइड दिलं तर साखर आणखी वर जाते. म्हणून झटक्याचा उपचार ठरवण्याआधी लघवी आणि साखर तपासून घेण्याची पद्धत आहे, आणि ती घाईच्या ओपीडीतही पाळली गेली पाहिजे.

स्नायूंचा मुद्दा थोडक्यात. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत घेतो. एमएसमध्ये थकव्यानं आणि लटपटीनं चालणं सुटतं, आणि अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात. व्यायामानंतर रुग्णाची दृष्टी तात्पुरती धूसर होते, हे जर्मन डॉक्टर विल्हेल्म उथॉफ यांनी १८९०मध्ये नोंदवलं होतं. पारा चाळिशी ओलांडणाऱ्या माळव्याच्या मे महिन्यात दुपारी फिरायला जा, असा सल्ला देणाऱ्यानं आधी स्वतः जाऊन यावं! पहाटे किंवा पंख्याखाली, जेवणानंतर दहा मिनिटं घरातल्या घरात चालणं जमण्यासारखं असतं. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्यांना हातांचे व्यायाम चालतात. ‘मी तर बारीक आहे’ हा दिलासाही खरा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा आयसीएमआरचा २०२३चा अंदाज याच बारीक दिसणाऱ्या देहांसह आहे.

खाण्याबद्दल सियागंजच्या पोत्यांकडूनच शिकता येतं. गूळ साखरेपेक्षा चांगला, ही समजूत मराठी स्वयंपाकघरात खोल रुजलेली. रक्ताच्या हिशेबात दोन्हीत फार अंतर नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपासाला सकाळी खिचडी, दुपारी वडे, रात्री पुन्हा खिचडी असा दिवस स्टेरॉइडच्या आठवड्यात आला तर साखर आवरणं कठीण. त्याच बाजारात मटकी, हरभरे, मूग, शेंगदाणेही आहेत. पोह्यांचं प्रमाण अर्धं करून त्यात मटार आणि दाणे वाढवले, वर जीरावन मसाला तेवढाच ठेवला, तर इंदूरकराची तक्रार निम्मी होते. एमएस थांबवणारा आहार म्हणून जगात बरेच पंथ आहेत. आजार थांबवतो असं त्यातल्या एकाही आहाराबाबत सिद्ध झालेलं नाही.

मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या औषधाबाबत मात्र गेल्या काही वर्षांत कुतूहल वाढलं आहे. ब्वेनोस आयरेसच्या डॉक्टरांनी २०१६ साली लठ्ठपणा आणि चयापचयाचे बिघाड असलेल्या ५० एमएस रुग्णांचा अनुभव मांडला. मेटफॉर्मिन किंवा पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांच्या एमआरआयमध्ये नव्या जखमा कमी दिसल्या. गट छोटा होता आणि औषध कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. केंब्रिजच्या प्रयोगशाळेनं २०१९मध्ये म्हाताऱ्या उंदरांत मेटफॉर्मिननं मायलिन पुन्हा बनवणाऱ्या पेशींना जाग येते असं दाखवलं. पुढे तिथेच ७० माणसांवर चाचणी झाली. निम्म्यांना सहा महिने मेटफॉर्मिन आणि क्लेमास्टिन हे ॲलर्जीवरचं औषध दिलं गेलं. २०२५ साली सांगितलेल्या निष्कर्षांत डोळ्यापासून मेंदूपर्यंतच्या संदेशाच्या वेगात किंचित फरक आढळला, पण रुग्णांच्या दिसण्या-चालण्यात सुधारणा झाली नाही. त्यामुळे साखर ठीक असलेल्या एमएस रुग्णाला मेटफॉर्मिन देण्याचं कारण आज तरी नाही.

ज्याला मधुमेहासाठी ते चालू आहे, त्यानं आणखी एक तपासणी लक्षात ठेवावी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून ब-१२ जीवनसत्त्व कमी शोषलं जातं. शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं. आणि त्याच्या अभावानं तळपायांना मुंग्या येतात, तोल जातो, मज्जारज्जूलाही इजा होते. हुबेहूब एमएस वाढल्यासारखं दिसतं. रक्ताच्या एका चाचणीत हे उघड होतं आणि इंजेक्शनांनी भरून काढता येतं, मात्र त्यासाठी ती चाचणी नसांची हानी कायमची होण्याआधी व्हावी लागते.