स्वस्तातला ऑलराउंडर घ्यायचा की सोडायचा? दहा लाखांच्या श्रेयांकाची गोष्ट

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं इथे लिहून देतोय. सातारा-सांगलीच्या एसटीत रेंज जाते, वाचता तरी येईल.

आधी माझीच फजिती सांगतो. १७ मार्च २०२४, डब्ल्यूपीएलची फायनल, दिल्ली विरुद्ध बंगळुरू. मी सांगलीचा, त्यामुळे कॅप्टन कोण हा प्रश्नच नव्हता. माधवनगरात वाढलेली आपली स्मृती मानधना! श्रेयांका पाटीलला मात्र मी टीममध्येच घेतलं नाही. डोक्यात एकच, २०२३ च्या लिलावात स्मृती ३ कोटी ४० लाखांना गेली, ती सगळ्यांत महाग. श्रेयांका १० लाखांना. दहा लाखांची पोरगी फायनलला काय करणार?

दिल्ली बिनबाद ६४ वरून ११३ वर ऑलआउट. श्रेयांकाच्या १२ धावांत ४ विकेट. स्मृतीने ३९ चेंडूंत ३१ केल्या, बंगळुरू जिंकलं, गल्लीत फटाके वाजले आणि माझी टीम तळाला. माझं गेलं ते ४९ रुपये. रूम पार्टनरने मात्र माझं ऐकून मेसच्या पैशातले लावले होते. महिनाभर तो माझ्याशी नीट बोलला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

चूक कुठे झाली? मी किंमत बघितली, ती किंमत का आहे हे नाही बघितलं.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितलाय कधी? पोत्याचा भाव कमी असला की जाणता माणूस लगेच खूश होत नाही आणि नाकही मुरडत नाही. कांडी मोडून आतला रंग बघतो. माल ओला म्हणून स्वस्त आहे, की आज आवक जास्त म्हणून? पहिला सोडायचा, दुसरा उचलायचा.

खेळाडूचंही तसंच. श्रेयांका २०२३ मध्ये स्वस्त होती कारण ती नवखी होती, देशासाठी खेळलेली नव्हती. खेळ कच्चा म्हणून नव्हे. २०२४ च्या हंगामात तिने १३ विकेट घेतल्या आणि पर्पल कॅप मिळवली. उलट २०२३ मध्ये स्मृतीच्या ८ सामन्यांत १४९ धावा, आणि निम्म्या किमतीच्या, १ कोटी ७० लाखांच्या एलिस पेरीच्या २५३. लिलावात नाव, कॅप्टनशिप, जाहिराती सगळ्याचे पैसे मोजतात. फॅन्टसीत फक्त गुण.

आता थोडं ऑस्ट्रेलियाकडे. तिकडे त्यांच्या फुटबॉलची, एएफएलची फॅन्टसी असते. किकला ३ गुण, हाताने दिलेल्या पासला २, झेललेल्या चेंडूला ३, टॅकलला ४. म्हणजे चेंडूजवळ सतत असणारा मिडफिल्डर गुणांची खाण. खेळाडूची किंमत मुख्यतः गेल्या हंगामाच्या सरासरीवर ठरते, आणि दुखापतीने बराच काळ बाहेर बसलेल्याला सूट मिळते. तिथले लोक मग हेच शोधत बसतात, की चांगला मिडफिल्डर दुखापतीमुळे स्वस्त झालाय, पण आता फिट आहे का? आणि परत मधेच खेळणार, की कोच त्याला कोपऱ्यात ढकलणार? कारण कोपऱ्यात गेला की चेंडू कमी, गुण कमी. स्वस्त असून महाग पडतो.

आपल्याकडे मधे खेळणं म्हणजे काय? चार ओव्हर पूर्ण मिळणं, किंवा पहिल्या चारांत बॅटिंग. सातव्या नंबरला येऊन एकच ओव्हर टाकणारा ऑलराउंडर नावालाच ऑलराउंडर. बऱ्याच ॲपमध्ये एका विकेटला २५ च्या आसपास गुण आणि धावेला १ असतो, म्हणून मी तरी स्वस्तात घेताना चार ओव्हर टाकणाऱ्याकडेच बघतो. टॉसनंतर अकरांत नाव आहे का, तेही. श्रेयांकाच २०२५ चा पूर्ण हंगाम दुखापतीने बाहेर होती. जुन्या पर्पल कॅपवर तिला घेतलं असतं तर शून्य.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. वाचलेल्या क्रेडिटचं करणार काय? त्यातून पेरीसारखी कुणी येत असेल तरच स्वस्तातला खेळाडू कामाचा. नुसती क्रेडिट शिल्लक ठेवून बक्षीस मिळत नाही.

पैसे लावायचा विषय तसाही मिटलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. आता आम्ही फुकटातली टीम लावतो, हरणारा राजवाड्यावर भेळ देतो. रूम पार्टनरही खेळतो, पण माझी टीम बघून बरोबर उलटी लावतो.

आणि हो, कॅप्टन अजून स्मृतीच. तेवढं सांगलीकर म्हणून समजून घ्या!