सूर्य तिष्ठतो तेव्हा

एका शाळेतल्या आठवीच्या मुलांबरोबर आम्ही डिसेंबरात सावलीचा प्रयोग केला होता. मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून सरळ उभी केली. रोज दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजायची, १५ तारखेपासून २८ तारखेपर्यंत. २२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेकडचा प्रवास संपवून उत्तरेकडे वळतो, हे मुलांना आम्हीच सांगून ठेवले होते. तेव्हा २२ तारखेपर्यंत सावली रोज वाढणार आणि नंतर कमी होणार, अशी सर्वांची खात्री होती.

वह्या पाहिल्या. एका गटाच्या नोंदी अगदी देखण्या होत्या. रोज अर्धा सेंटीमीटर वाढ, २२ ला शिखर, मग तितकीच घट. बाकी गटांचे आकडे मात्र साडेएकोणनव्वद आणि नव्वद यांच्या आसपास घोटाळत होते. कधी थोडे जास्त, कधी थोडे कमी. एकाने खाली लिहिले होते, 'प्रयोग फसला.' देखण्या नोंदींच्या गटाला जरा खोदून विचारले, तेव्हा कळले की "पुस्तकात तसं आहे" म्हणून त्यांनी आकडे नीटनेटके केले होते.

प्रयोग फसला नव्हता. 'फसलेल्या' वह्यांत जे उतरले होते, तेच या दिवसाच्या इंग्रजी नावात दोन हजार वर्षांपासून लिहिलेले आहे.

इंग्रजीत या दिवसाला 'सॉल्स्टिस' म्हणतात. मूळ लॅटिन शब्द 'सोल्स्टिटियम'. त्यातला 'सोल' म्हणजे सूर्य, आणि उरलेला भाग 'सिस्टेरे' या क्रियापदाचा. त्याचा अर्थ थांबणे, उभे राहणे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन पंडित वॅरो यानेही हीच फोड दिली आहे. या दिवशी सूर्य थांबल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. (गंमत अशी, की रोमन लोक हा शब्द मुख्यतः जूनमधल्या दिवसासाठी वापरत. डिसेंबरातल्या दिवसाला त्यांचा वेगळा शब्द होता, 'ब्रूमा', म्हणजे सर्वांत लहान दिवस.)

हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. लॅटिन 'सोल' आणि संस्कृत 'स्वर्', 'सूर्य' हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. 'सिस्टेरे' आणि संस्कृत 'तिष्ठति' हेही तसेच, जवळजवळ जुळे भाऊ. 'तिष्ठति'पासून आलेले 'तिष्ठणे' आपण मराठीत रोज वापरतो. कचेरीच्या दारात आपण तासभर तिष्ठत उभे राहतो ना, तसा या दिवसांत सूर्य आकाशात तिष्ठत असतो.

पण सूर्य खरोखर थांबतो का? ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो रोज सुमारे एक अंश पूर्वेकडे सरकतो, आणि हे सरकणे डिसेंबरातही चालूच असते. थांबते ते फक्त त्याचे उत्तर-दक्षिण सरकणे. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्याचा वार्षिक मार्ग खगोलीय विषुववृत्ताला तिरका छेदतो. छेदाच्या जागी, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरात, सूर्य रोज जवळजवळ ०.४ अंश उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जातो. विषुववृत्तापासून सर्वांत दूरच्या जागी मात्र हा मार्ग त्याला समांतर होतो. मग सगळी चाल पूर्वेकडे, उत्तर-दक्षिण काहीच नाही. झोका टोकाला पोचताना मंदावतो, तसेच हे.

आकडेच पाहू. पुण्याला २२ डिसेंबरच्या सुमारास एक मीटर काठीची माध्यान्हीची सावली सुमारे ८९.९ सेंटीमीटर असते. दहा दिवस आधी ती ८८.८ असते. दहा दिवसांत जेमतेम एक सेंटीमीटर! २१ मार्चपासूनच्या दहा दिवसांत हीच सावली सात-आठ सेंटीमीटरने घटते. शिवाय सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीचे टोक धूसर असते, आणि डिसेंबरात ही धूसर पट्टी सुमारे दीड सेंटीमीटर रुंद पडते. म्हणजे दहा दिवसांतला फरक त्या धूसरपणातच बुडून जातो. मुलांनी कितीही काळजीपूर्वक मोजले असते, तरी त्या काठीने २२ तारीख सापडलीच नसती.

प्रत्येक भाषेने या घटनेतले वेगळे काही टिपले. ग्रीकांनी 'ट्रोपे' म्हटले, म्हणजे वळण. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या इंग्रजी नावांतला 'ट्रॉपिक' त्यातूनच आला. आपल्या 'अयन' शब्दाचा धातू 'इ', म्हणजे जाणे. उत्तरायण म्हणजे उत्तरेकडे जाणे, सहा महिन्यांचा प्रवास, एक दिवस नव्हे. (वहीत 'दक्षिणायण' दिसले तर दुरुस्त करावे. 'उत्तरायण'मध्ये ण, 'दक्षिणायन'मध्ये न.) पण थांबणे आपल्या पूर्वजांच्याही नजरेतून सुटले नव्हते. कौषीतकी ब्राह्मणात सूर्य वळण्यापूर्वी थांबतो, मग सहा महिने जातो, पुन्हा थांबतो, असे वर्णन आहे. मराठी ज्योतिषग्रंथांत या बिंदूला 'विष्टंभ' असाही शब्द आहे, तो 'स्तंभ्' धातूवरून, म्हणजे खिळून राहणे. वैद्यांच्या मलावष्टंभातही हेच स्तंभन आहे. वर्गात हे सांगितल्यास शब्द कोणी विसरणार नाही!

उत्तरायण संक्रांतीला सुरू होते असे मुले हमखास म्हणतात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी ते खरे होते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा संथ डुलतो. त्यामुळे ताऱ्यांवरून ठरणारी मकर संक्रांत आणि प्रत्यक्ष उत्तरायणाचा आरंभ सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या गतीने दूर होत गेले. आज अंतर २४ दिवसांचे आहे. १९५७ साली स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत मात्र २२ डिसेंबरलाच पौष १ येतो.

मग काठीने तो दिवस शोधायचाच नाही का? शोधता येतो, फक्त त्या दिवशी मोजून नव्हे. जूनमध्ये आपल्याकडे ढग असतात, आणि महाराष्ट्राच्या बहुतेक भागात तेव्हा सूर्य डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो, म्हणून डिसेंबरच बरा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात करावी. तेव्हा सावली रोज अर्ध्या सेंटीमीटरहून थोडी जास्तच वाढते, हा फरक काही दिवसांच्या नोंदींत स्पष्ट दिसतो. एखाद्या दिवसाची लांबी जमिनीवर खूण करून ठेवावी. डिसेंबरातले तिष्ठणे खुशाल जाऊ द्यावे. जानेवारीत सावली परत त्याच खुणेवर येईल, ती तारीख लिहावी. दोन तारखांच्या बरोबर मधला दिवस काढावा. एखाद्या दिवसाच्या फरकाने उत्तर २१-२२ डिसेंबरच येते. आम्ही पुढच्या वर्षी त्याच मैदानात तसे केले, आणि तेव्हा कोणालाही आकडे नीट करावे लागले नाहीत.