शुगर ग्लायडरला नुसती फळं देताय? आधी हे वाचा

नावात ‘शुगर’ आहे म्हणून या प्राण्याला गोडधोडच लागतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. मग केळं, द्राक्षं, सफरचंद, रमजानमध्ये खजुराचा तुकडा असं सगळं त्याला मिळत राहतं. तोही आवडीने खातो, मुलं खूश होतात. पण काही महिन्यांनी एक दिवस त्याचे मागचे पाय ओढले जाऊ लागतात. पडला असेल, मार लागला असेल असं घरच्यांना वाटतं. पुष्कळदा खरं कारण असतं त्याचं खाणं.

शुगर ग्लायडर हा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलातला, कांगारूसारखाच पोटाला पिशवी असलेला प्राणी. वजन जेमतेम १०० ते १५० ग्रॅम. दिवसा झोपतो, रात्री जागतो. जंगलात तो बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, निलगिरीचा चीक, फुलांतला मध आणि पराग खातो. जोडीला भरपूर किडे आणि कोळी. पिकलेली गोड फळं हे त्याचं मुख्य अन्न नाहीच.

पाय का जातात?

हाडांना कॅल्शियम लागतं हे आपल्याला माहीत आहे. पण खाण्यात फॉस्फरस किती आहे, हेही तितकंच महत्त्वाचं असतं. ग्लायडरच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावं. ते कमी पडलं की रक्तातली पातळी टिकवायला शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. हाडं ठिसूळ होतात, पाय थरथरतात, मग लुळे पडतात.

आता फळांकडे पाहा. १०० ग्रॅम केळ्यात कॅल्शियम सुमारे ५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २२. द्राक्षांत १० आणि २०. पपईत मात्र कॅल्शियम २० आणि फॉस्फरस १०, संत्र्यात ४० आणि १४. म्हणून फळ द्यायचंच तर पपई, संत्रं किंवा ताजं अंजीर बरं, आणि तेही थोडंसंच. किड्यांमध्येही फॉस्फरस जास्त असतो, त्यामुळे त्यांच्यावर कॅल्शियमची पावडर भुरभुरून द्यावी लागते. पावडर कोणती आणि किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. जास्त झाली तरी त्रास होतो.

मग ताटात काय असावं?

सोपा हिशेब असा: निम्मं गोड मिश्रण, निम्मं प्रथिनांचं अन्न. फळं-भाज्या चवीपुरत्या, साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत.

गोड मिश्रणाची एक जुनी, जगभर वापरली जाणारी पाककृती ‘लेडबीटर मिश्रण’ या नावाने ओळखली जाते. १५० मिली कोमट पाण्यात १५० मिली मध विरघळवा. त्यात सोललेलं एक उकडलेलं अंडं, लहान बाळांना देतात ते जास्त प्रथिनांचं तयार सिरियल २५ ग्रॅम आणि जीवनसत्त्व-खनिजांची पावडर १ चमचा घालून मिक्सरमधून काढा. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि रोज लागेल तेवढंच काढा.

प्रथिनांसाठी दुकानातून आणलेले रातकिडे किंवा मीलवर्म, उकडलेलं अंडं, नाहीतर मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन. बागेतले किडे पकडून देऊ नका, त्यांच्यावर औषध फवारलेलं असू शकतं.

एक ग्लायडर दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के खातो. म्हणजे १०० ग्रॅमच्या प्राण्याला १५ ते २० ग्रॅम पुरे. ताट मगरिबनंतर, तो जागा झाला की ठेवा. उरलेलं सकाळी उचला, नाहीतर आंबतं. पाणी मात्र कायम हवं.

हे देऊ नका

चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, बिस्किटं, फरसाण, दूध, मिठाई. शीरखुर्म्यातला चमचाभरही नको. गोड आणि मऊ खाण्याने त्याचे दात किडतात आणि वजन वाढतं. पालकही टाळा, त्यातला घटक कॅल्शियम अंगी लागू देत नाही.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

थरथर, सुस्ती, वर चढायला टाळाटाळ, उडी चुकणं, मागचे पाय ओढणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी अशा प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. इतका छोटा जीव अंगातलं पाणी कमी होऊन फार लवकर खचतो. वेळेत उपचार मिळाले तर बरेच प्राणी पुन्हा चालू लागतात. तोवर त्याला उंच पिंजऱ्यात चढू देऊ नका.

नीट सांभाळला तर हा प्राणी १० ते १२ वर्षं जगतो. मुलांनी ईदीच्या पैशातून आणायचा हट्ट धरला, तर रोज रात्रीचं हे ताट एवढी वर्षं कोण तयार करणार, ते आधी घरात ठरवा. मगच दुकानात जा.