बातमी कुठे कलते?

गुरुजी, मुलांना आकाशवाणी केंद्र दाखवायला नेलेत, की ती काचेआडचा मायक्रोफोन पाहून हरखतात. ते साहजिकच. पण बातमीचा कल समजून घ्यायचा, तर वृत्तविभागाच्या टेबलाशी जरा जास्त थांबावे. तिथे बातम्यांचा ढीग असतो आणि वेळ असतो दहा मिनिटांचा. काय घ्यायचे, काय आधी सांगायचे, काय गाळायचे, हे संपादक ठरवतो. एक अक्षरही खोटे न बोलता बातमी एका अंगाला झुकते, ती इथेच.

शब्दांचेही तसेच. ‘अधिकाऱ्यांनी सांगितले’ म्हटले की खरे वाटते; ‘दावा केला’ म्हटले की शंका येते.

एक जुना दाखला घ्या. मे १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप झाला. पंतप्रधान बाल्डविन बीबीसीवरून बोलले. विरोधी पक्षनेते मॅक्डोनल्ड यांना मात्र बोलू दिले नाही. आपल्याकडे १९७५ च्या आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. आकाशवाणी तर सरकारच्याच हाती होती. तिच्या गैरवापरावर १९७७ साली नव्या सरकारने श्वेतपत्रिका काढली. आकाशवाणी प्रसार भारती या स्वायत्त संस्थेकडे आली ती १९९७ साली, म्हणजे पुरी वीस वर्षे गेली!

केंद्रावर जाण्याआधी आठवडाभर वर्गात संध्याकाळच्या बातम्या ऐका. फळ्यावर दोनच रकाने आखा: बातमी कोणाविषयी, आणि त्यात बोलले कोण. कांद्याचा भाव पडल्याची बातमी असेल, तर त्यात शेतकरी बोलला का? तो फळा वहीत उतरवून घ्या आणि वही संपादकांपुढे ठेवा.