एका नॅनोग्रॅमचा दहावा हिस्सा

मिठाचा एक दाणा बोटाच्या टोकावर घ्या. त्याचं वजन साधारण ६० मायक्रोग्रॅम. त्याचे सारखे सहा लाख तुकडे केले तर एका तुकड्याचं वजन होईल एका नॅनोग्रॅमचा दहावा हिस्सा. प्रोस्टेटचा कर्करोग अंगात कुठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी रुग्णाच्या शिरेत किरणोत्सारी गॅलियम सोडतात, ते एवढंच. ज्या रेणूच्या पाठीवर बसून ते जातं त्याचं वजन कितीतरी पट अधिक, काही मायक्रोग्रॅम असतं. पण दिव्याचं काम करतात ते हे गॅलियमचे अणूच.

हा आकडा कसा येतो ते पाहण्यासारखं आहे. नेहमीचा डोस साधारण १५० मेगाबेक्वेरेलचा, म्हणजे दर सेकंदाला १५ कोटी अणूंचा क्षय. गॅलियम-६८चं अर्धायुष्य ६८ मिनिटं. या दोन आकड्यांवरून टोचलेल्या अणूंची संख्या निघते सुमारे ८८ हजार कोटी. ऐकायला ती अफाट वाटते. पण माणसाच्या शरीरात पेशी आहेत सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे चौतीस पेशींच्या वाट्याला जेमतेम एक अणू आला. एवढ्या शिदोरीवर शोधायचं काय, तर हाडात किंवा ओटीपोटात दडलेली पाच मिलिमीटरची गाठ!

हे जमतं ते एका प्रथिनामुळे. पीएसएमए, म्हणजे प्रोस्टेट-स्पेसिफिक मेम्ब्रेन अँटिजेन, हे त्याचं नाव. ७५० अमिनो आम्लांची ही साखळी प्रोस्टेटच्या पेशींच्या पृष्ठभागावर असते आणि कर्करोग झालेल्या पेशींवर ती निरोगी पेशींच्या शंभर ते हजार पट दाट होते. १९८७मध्ये ते सापडलं. जर्मनीत हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी त्याला नेमका चिकटणारा छोटा रेणू घडवला आणि त्याला गॅलियम जोडलं. नावात ‘प्रोस्टेट’ असलं तरी हे प्रथिन लाळग्रंथींत आणि मूत्रपिंडांतही असतं. म्हणून प्रत्येक स्कॅनमध्ये गालांजवळ आणि कमरेशी लख्ख उजेड दिसतो. स्वतःच्या स्कॅनचं चित्र हातात पडल्यावर तो उजेड पाहून घाबरलेल्या माणसाला कोणीतरी हे आधीच सांगायला हवं.

गॅलियमचा अणू क्षय पावताना बहुतेक वेळा एक पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचं प्रतिद्रव्य. पॉल डिरॅक यांच्या समीकरणांतून त्याची चाहूल लागली आणि १९३२मध्ये कार्ल अँडरसन यांना तो प्रत्यक्ष सापडला. तोच आज रुग्णाच्या ओटीपोटात दर सेकंदाला कोट्यवधींच्या संख्येनं जन्मतो, दोन-तीन मिलिमीटर जातो, पहिल्या भेटलेल्या इलेक्ट्रॉनशी भिडतो, आणि दोघंही संपतात. उरतात दोन गॅमा किरण, बरोबर विरुद्ध दिशांना सुटलेले. रुग्णाभोवतीच्या कड्यातले स्फटिक ही जोडी टिपतात. कोणता किरण किंचित आधी पोचला यावरून ती भेट कुठे झाली याचा अंदाज येतो, आणि हा ‘किंचित’ मोजण्याची आजच्या चपळ यंत्रांची क्षमता आहे सुमारे २०० पिकोसेकंद. पापणी एकदा लवायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो असं धरलं, तर तेवढ्या वेळात असे ५० कोटी क्षण मावतात. एका क्षणात प्रकाश जातो जेमतेम सहा सेंटिमीटर.

नेहमीच्या यंत्रात यातले बहुतेक किरण निसटतात, कारण कडं अरुंद आणि माणूस लांब. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या सायमन चेरी आणि रॅमझी बदावी यांनी अख्खं शरीर एकाच वेळी सामावणारं यंत्र उभं करण्याचा ध्यास घेतला. २०१८मध्ये त्यातून माणसाची पहिली चित्रं मिळाली. त्याचा बोगदा १९४ सेंटिमीटर लांब आहे आणि त्यात साडेपाच लाखांहून अधिक स्फटिक बसवले आहेत.

आता त्या ८८ हजार कोटी अणूंचं पुढे काय होतं ते पाहा. बुद्धिबळाच्या पटावर दर घराला दुप्पट होणाऱ्या दाण्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. इथे ती उलटी चालते. दर ६८ मिनिटांनी अर्धे. बराच भाग लघवीवाटे बाहेर पडतो, तो सोडूनच देऊ. नुसत्या क्षयाचा हिशेब धरला तरी चोवीस तासांनी उरतात सुमारे साडेतीन लाख. अठ्ठेचाळीस तासांनी एकही अणू शिल्लक असण्याची शक्यता सातात एक. सगळ्यांचं जस्त झालेलं असतं, आपल्या जेवणातल्या जस्तासारखंच साधं आणि स्थिर.

इथवरचे आकडे भौतिकशास्त्राचे आहेत आणि ते थक्क करतात. पण या विषयातला माझ्या लेखी सर्वांत मोठा आकडा आहे ३०२.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पीटर मॅक्‌कलम कर्करोग केंद्रात मायकेल हॉफमन हे न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर आहेत. पीएसएमएची चित्रं सुंदर दिसतात, काळ्या शरीरात ठिणग्या चमकाव्यात तशी, आणि त्यामुळे जगभर ती वापरलीही जाऊ लागली होती. हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं की ही चित्रं खरी किती, आणि जुन्या तपासणीपेक्षा खरोखर बरी की नाही. मार्च २०१७ ते नोव्हेंबर २०१८ या काळात ऑस्ट्रेलियातल्या दहा केंद्रांत त्यांनी ३०२ पुरुष निवडले. सगळ्यांचा कर्करोग जोखमीचा, सगळ्यांना शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार व्हायचे होते. कोणाची आधी कोणती तपासणी करायची हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. एका गटाला नेहमीचा सीटी आणि बोन स्कॅन, दुसऱ्याला वर सांगितलेली पॉझिट्रॉनची तपासणी, म्हणजे पीएसएमए पेट. मग सहा महिने पाठपुरावा करून कोणती तपासणी खरी ठरली ते पाहिलं.

मार्च २०२०मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निकाल आला. जुन्या तपासणीची अचूकता ६५ टक्के, नव्या तपासणीची ९२. म्हणजे जुनी तपासणी दर तीन माणसांमागे जवळजवळ एकाच्या बाबतीत चुकत होती. पसरलेला रोग पकडण्यात तर ३८ टक्के विरुद्ध ८५ टक्के. कारण समजायला अवघड नाही. सीटी गाठीचा आकार पाहतो. लसिकाग्रंथी आठ-दहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ती सहसा निरोगी धरली जाते. पण एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण शंभर कोटी पेशी धरल्या, तर पाच मिलिमीटरच्या गोल गाठीत साडेसहा कोटी पेशी होतात. साडेसहा कोटी रोगट पेशी, आणि अहवालात लिहिलेलं ‘सर्व ठीक’. बोन स्कॅनमध्ये दिसते ती कर्करोगाला हाडानं दिलेली प्रतिक्रिया. पीएसएमए पेट रोगाच्या पेशीलाच हात घालतो.

‘नक्की सांगता येत नाही’ असा शेरा जुन्या तपासणीत २३ टक्के जणांना मिळाला, नव्यात ७ टक्क्यांना. असा शेरा घेऊन घरी गेलेल्या माणसाची आणि त्याच्या बायकोची रात्र कशी जाते हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या आकड्याचं मोल सांगायला नको. किरणोत्साराचा भारही १९.२ मिलिसिव्हर्टवरून ८.४वर आला. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे आठ वर्षांचा भार साडेतीन वर्षांवर उतरला. आणि पहिल्या तपासणीमुळे उपचारांची दिशा बदलली ती जुन्या गटात १५ टक्के जणांची, नव्या गटात २८ टक्के.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. या अभ्यासानं अचूकता मोजली, आयुष्य नाही. लहान ठिपका दिसला म्हणून माणूस आपोआप जास्त जगत नाही. त्या ठिपक्याचं पुढे काय करायचं, हे वेगळ्या अभ्यासांनी ठरवावं लागतं. असाच एक अभ्यास मुंबईत, टाटा मेमोरियलमध्ये झाला. डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त जोखमीच्या २२४ पुरुषांत फक्त प्रोस्टेटला आणि संपूर्ण ओटीपोटाला दिलेल्या किरणोपचारांची तुलना केली. यातल्या ८० टक्के रुग्णांची आधी पीएसएमए पेट तपासणी झाली होती. पाच वर्षांनी रक्तातल्या पीएसए या वेगळ्या प्रथिनाच्या निकषावर रोग न उलटलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ८१.२ टक्के होतं, दुसऱ्यात ९५. २०२१मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आणि आता माणसांची संख्या. २०२२मध्ये जगात प्रोस्टेटच्या कर्करोगाचे साडेचौदा लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले, भारतात सुमारे ३८ हजार. ‘लॅन्सेट’च्या आयोगाचा अंदाज आहे की २०२०मधले वर्षाला १४ लाख रुग्ण २०४०पर्यंत २९ लाख होतील, कारण माणसं जास्त जगू लागली आहेत.

इथे ६८ मिनिटांचा आकडा पुन्हा आडवा येतो. नागपुरात तयार केलेलं गॅलियम गाडीनं गडचिरोलीला न्यायचं म्हटलं तर तीन-साडेतीन तास लागतात. तोवर ते तीनदा अर्धं होऊन जेमतेम आठवा हिस्सा उरलेला असतो. फ्लोरीन-१८ वापरलं तर अर्धायुष्य ११० मिनिटं, थोडी जास्त सवड, पण त्यासाठी सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना वेग देणारं मोठं यंत्र, लागतं. गॅलियमला मात्र सायक्लोट्रॉन जवळ असावाच लागत नाही. जर्मेनियम-६८ भरलेल्या लहानशा जनित्रातून ते रोज काढता येतं. या कामातली माणसं त्याला ‘दूध काढणं’ म्हणतात. जर्मेनियमचं अर्धायुष्य २७१ दिवस. एकदा आणून ठेवलेलं जनित्र महिनोन् महिने चालतं.

रोज दुभणारी ही गाय आणि तिच्याशेजारी एक पेट यंत्र महाराष्ट्राच्या प्रत्येक महसूल विभागातल्या एका तरी सरकारी रुग्णालयात असायला हवं. औषध प्रवास करू शकत नाही, म्हणून सत्तरीतला, हाडं दुखणारा माणूस एसटीत बसून प्रवास करतो. हे बदलता येण्यासारखं आहे, आणि ज्यांच्या हाती ते आहे त्यांनी ते बदलावं.