कॉलेज सोडू की धंदा करू? आधी विद्यापीठाकडून काय मिळतं ते बघा!



बीड जिल्ह्यात शिबिर घेतलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, कॉलेज सोडून धंदा सुरू करू का?" विचारणारा पोरगा बहुतेक दुसऱ्या वर्षाला असतो. आई-वडील उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले, खोलीचं भाडं थकलेलं, मेसवाला पैसे मागतोय.

आता नीट बघा. याला कॉलेज सोडायला लावतोय तो धंदा नाही, रोजचा खर्च आहे. हे दोन प्रश्न वेगळे करा, अर्धी अडचण तिथेच सुटते.

१. खर्चाचा प्रश्न

आपल्या जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला (स्थापना १९५८) जोडलेली आहेत. विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे. ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी रोज थोडे तास काम करायचं आणि त्याचं मानधन घ्यायचं. ही कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांची. १९४७ साली साताऱ्यात त्यांनी याच तत्त्वावर कॉलेज उभं केलं. यात लाज कसली? घामाचा पैसा आहे.

राहण्या-जेवण्यासाठी सरकारी योजना आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना 'स्वाधार', तर ओबीसी आणि विमुक्त-भटक्यांना 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना'. पैसे थेट खात्यावर येतात. फीसाठी महाडीबीटीवर अर्ज करा. शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

२. वेळेचा प्रश्न

सगळं करूनही घर चालत नसेल, तर शिक्षण तोडू नका, त्याचा वेग कमी करा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्यांसाठीच आहे. दुकान चालवत पदवी घेता येते. शिवाय २०२१ पासून 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली आहे. पास झालेल्या विषयांचे गुण-श्रेयांक बँकेतल्या ठेवीसारखे जमा राहतात. मध्ये खंड पडला तरी नियमात बसत असेल तर पुढे वापरता येतात. तुमचं खातं उघडलंय का, हे कॉलेजात विचारा.

३. धंद्याचा प्रश्न

खरं सांगतो, कर्जासाठी पदवी लागतेच असं नाही. पीएमईजीपी योजनेत मोठ्या प्रकल्पालाही आठवी पास पुरतं. मग पदवी कशाला? कारण पहिला धंदा बसू शकतो. त्या दिवशी हातात दुसरा पर्याय नसेल तर माणूस पुन्हा मुकादमाच्या दारात उभा राहतो. पदवी म्हणजे तुमचा राखीव पैसा समजा.

आणि कॉलेज हीच तुमची पहिली बाजारपेठ. शेकडो गिऱ्हाईकं एका आवारात! झेरॉक्स, डबे, मोबाईल दुरुस्ती, जे काही करायचंय ते आधी तिथे छोट्या प्रमाणात, परवानगी घेऊन करून बघा. विद्यापीठाच्या नवउद्योजक केंद्रात कल्पनेवर मार्गदर्शनही मिळतं.

विद्यापीठांनी काय करावं?

माझ्या मते तीन गोष्टी. ऊसतोडीच्या हंगामात एकट्या राहणाऱ्या पोरांची यादी कॉलेजने स्वतःहून करावी. 'कमवा आणि शिका'चं मानधन दर महिन्याला वेळेवर द्यावं, कारण मेसवाला थांबत नाही. आणि सगळ्या योजनांची माहिती एकाच खिडकीवर मिळावी. आज पोरगं चार टेबलं फिरतं आणि कंटाळून घरी जातं.

या आठवड्यात एवढंच करा

- महिन्याचा खर्च वहीत लिहा.
- कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याला भेटा, 'कमवा आणि शिका'चा अर्ज मागा.
- उत्पन्न, जात आणि रहिवासी दाखले आत्ताच काढून ठेवा.

एवढं केल्यावरही कॉलेज सोडावंसं वाटलं, तर निर्णय तुमचा. पण तो हिशोब करून घ्या, वैतागून नको.

भेटू पुढच्या व्हिडिओत!